उलटा अ

१

‘हवालदाराचा खून. ताबडतोब निघ.’

पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर असलेल्या राजमहंमदला सन १९२१ च्या भाद्रपदात, एका मंगळवारी सकाळी, ही चार शब्दांची तार मिळाली. तारवाल्याने ती वाचली होती हे उघड होते, कारण सही घेताना त्याने आवाज खाली आणून विचारले, “पोलिसात होते का कोणी, साहेब?”

“नाही,” राजमहंमद म्हणाला. “कासव आहे.”

जिना उतरताना तारवाल्याने दोनदा मागे वळून पाहिले.

हवालदार हे लोणावळ्याचे कासव. राजमहंमदचे मामू नूरमहंमद यांचा एकुलता एक मुलगा अब्दुल याने ते लहानपणी पाळले होते, आणि मान ताठ काढून अंगणाच्या चारी कोपऱ्यांची गस्त घालण्याच्या सवयीवरून त्याचे नाव ठेवले होते. १९१६ साली अब्दुल खेचरांच्या पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला. पुढल्या उन्हाळ्यात त्याचे शेवटचे पत्र आले. त्यानंतर पत्र नाही, माणूस नाही, मेल्याची वर्दीही नाही. ‘हवालदार चालतोय तोवर माझा अब्दुलही कुठंतरी चालतोय,’ असे मामू म्हणू लागले, आणि घराने ते वाक्य कायद्यासारखे पाळले.

गाडीने मळवली सोडली आणि खिडकीबाहेरचे जग पुसले गेले. लोणावळ्यास उतरल्यावर राजमहंमदला फलाटाचे दुसरे टोक दिसेना. घाट चढून आलेल्या इंजिनाची धाप ऐकू येत होती. इंजिन कुठेच नव्हते.

मामूंचे घर बाजारपेठेत. पुढे पाट्यावरवंट्यांचे दुकान, मागे अंगण. मामूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून दुकान बंद होते, आणि न खपलेले पाटे अंगणात भिंतीकडेने ओळीत उभे करून ठेवले होते. त्यांच्यावर शेवाळ चढले होते. धुक्यातून एकेक पुढे येणारे ते उभे दगड कशासारखे दिसतात, हे राजमहंमदने स्वतःलाही सांगायचे टाळले. सवयीने त्याने ते मोजले. एकोणीस भरले.

“राजू आला,” ओट्यावरून आवाज आला. घोंगडी पांघरून मामू बसले होते. पावलांवरून त्यांनी ओळखले होते. त्यांनी डबी उघडली, तपकिरीची चिमूट ओढली आणि बोटे घोंगडीला पुसली. “जा, बघून घे. मी काय बघणार?”

मामी उम्मेहानी, जिला तो लहानपणापासून मुमानी म्हणत असे, त्याला हाताला धरून रांजणाच्या कट्ट्यापाशी घेऊन गेली. कट्ट्याखाली भरदिवसा कंदील लागावा इतका अंधारा कोनाडा होता. तिथे एक डालगे पालथे घातलेले होते.

“सकाळी नमाजाआधी वजूला पानी घ्यायला आले आन् पाय लागला,” ती म्हणाली. “कुनाला हात लावू दिला न्हाई. तूच बघ.”

तिने डालगे उचलले. हवालदार उताणा पडला होता. चारी पाय हवेत.

“कासव आपोआप उतानं व्हतं का रं?”

“सपाट जमिनीवर नाही होत.”

“मग कुनीतरी केलं. उतानं करून ठेवलं की त्ये तडफडून मरतं, ह्ये शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.” तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. दारात अब्दुलची बायको शमीम उभी होती. “ज्याला हवालदार नको व्हता, त्यानंच केलं. शुक्करवारी सुदुंबऱ्याहून हिचा भाऊ येतोय. कारण सांगूनच धाडनार हाय मी हिला.”

शमीमने मान खाली घातली नाही.

राजमहंमदने वाकून कासवाच्या मागच्या पायाला बोट लावले. पाय बर्फासारखा थंड होता. आणि मग, अगदी सावकाश, तो आत ओढला गेला.

२

मुमानीने किंकाळी फोडली. राजमहंमदने फोडली नाही. पण बोट मागे घेतले, हे त्याने पुढे प्रामाणिकपणे टिपून ठेवले.

पाय हलला याचा अर्थ स्नायू अजून जिवंत आहेत एवढाच, जनावर जिवंत आहे असा नव्हे. त्याने नाकपुडीखाली आरसा धरला. परंतु त्या हवेत आरसा आपोआपच दमट होत होता, म्हणून तो पुरावा त्याने बाद केला. मग कापसाचा तंतू धरून पाव तास वाट पाहिली. तंतू हलला नाही. डोळ्याला स्पर्श केला, पापणी मिटली नाही. हवालदार मेला होता.

नंतर त्याने कंदील घेऊन कोनाडा तपासला. फरशीवर मखमलीसारखे शेवाळ होते, आणि जिथे कासवाची पाठ टेकली होती तिथे ते फक्त दबले होते. कुठे ओरखडा नाही, उकरलेले नाही. जिवंत कासव उताणे केले तर ते डोके आणि पाय झाडत राहते. शेवाळाची एक काडी शाबूत ठेवत नाही. म्हणजे हवालदार मरण पावला तो पायांवर. उताणा तो नंतर केला गेला.

मेलेल्या कासवाला कोणी उलटे करील तर ते कशासाठी? मारण्यासाठी नव्हे. मग पोट पाहण्यासाठी.

पोटावर तीन दिवसांचा चिखल थापला होता, फक्त मधोमध दोन बोटे रुंदीची एक जागा पुसलेली होती. तिथे अब्दुलने पलटणीत जाण्याच्या आदल्या दिवशी कोरलेले ‘अ’ हे अक्षर होते. कोरताना कंदील राजमहंमदनेच धरला होता. पुसलेल्या खाचेत, चिखलाच्या राहिलेल्या ओशट थरावर, काही तांबूस कण चिकटले होते. भिंगाखाली ते वनस्पतीचे दिसले. त्याने ते कागदाच्या पुडीत घेतले.

“चिमामावशी, करवत आण,” तो म्हणाला.

चिमाबाई ही वरच्या डोंगरवाडीची. वीस वर्षे या घरात पाणी भरत होती, आणि मिश्री लावून लावून तिचे दात काळे झाले होते. करवत आणून ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. राजमहंमदने कवचाच्या दोन्ही बाजू कापल्या आणि पोटाची ढाल झाकणासारखी उचलली.

आत हृदय धडधडत होते. धडधडत होते म्हणणे अचूक नव्हे. मिनिटाला दोन-तीनदा ते आखडत होते आणि सैल पडत होते.

“आरं देवा! जित्ता हाय त्यो!” चिमाबाई ओरडली. “झाक, दादा, झाक त्याला!”

“जिवंत नाही, मावशी. कासवाचं हृदय प्राण गेल्यावरही तासन्‌तास चालतं. त्याला बातमी उशिरा पोचते.”

ती ऐकायला थांबली नव्हती. राजमहंमदने फुप्फुसे पाहिली. दोन्ही पाण्याने आणि पुवाने भरली होती. हे कोरड्या मुलखातले जनावर. मावळातला पावसाळा त्याने सोसला हेच नवल. खून नव्हता. सर्दी होती.

राहिला प्रश्न पोट पाहणाऱ्याचा. त्याने कापलेली ढाल रांजणाच्या पाण्यात धुतली आणि उजेडाकडे धरली. प्रथम त्याला वाटले, आपण ती आतल्या बाजूने पाहतो आहोत. त्याने ती फिरवली. मघाची बाजूच बाहेरची होती.

‘अ’ची उभी दांडी डावीकडे होती आणि वळसे उजवीकडे. आरशातल्यासारखे, नीट, काळजीपूर्वक कोरलेले ते अक्षर उलटे होते.

३

दिवेलागणीला हवालदाराला अंगणातल्या पेरूखाली पुरले. ढाल राजमहंमदने रुमालात बांधून आपल्या बॅगेत ठेवली, आणि तिच्याबद्दल कोणापाशी अवाक्षर काढले नाही.

“कशानं मेला?” मामूंनी ओट्यावरून विचारले.

“फुप्फुसात पाणी झालं, मामू. कोणी मारलं नाही.”

“मग उताना कुनी केला?” मुमानी मध्येच म्हणाली. “त्ये सांग. पुस्तकात न्हाई का त्ये?”

मामू तपकिरीच्या डबीचे झाकण उघडत-मिटत राहिले.

शमीम स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. चोविशीची असेल. मराठी पाच इयत्ता शिकलेली, अब्दुलची पत्रे मोठ्याने वाचून दाखवायचे काम तिचे असे.

“विचारा, राजूभाई,” तीच म्हणाली. “मारलंस का, असंच ना?”

“ते मला ठाऊक आहे. नाही मारलंस. तुला तो नकोसा होता का?”

तिने सूप खाली ठेवले. “तळेगावच्या शाळेतले एक मास्तर आहेत. बायको वारली. भावानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मामूंनी हवालदाराला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, हा चालतोय तोवर शमीम सवाष्ण आहे. तुम्हीच सांगा, कासवाशी कुणी भांडायचं?” ती हसली, पण ते हसू लगेच सुकले. “मला मारायचंच असतं तर आधीच नसतं का मारलं? आता मी जाणार ती कासवमारी म्हणून. मास्तर तरी कसे विचारतील?”

“तू त्याचं पोट कधी पाहिलंस?”

“कशी पाहणार? मुमानीची सक्त ताकीद. हवालदाराला उताणा करायचा नाही, अपशकुन होतो. चिखल पुसायचा तर मुमानीच पुसणार. एक मामू त्याला मांडीवर घेऊन खालून बोट फिरवायचे, तेवढंच.”

“ही ताकीद पहिल्यापासूनची?”

शमीम विचारात पडली. “नाही. तापाच्या साथीनंतरची. तीन वर्षं झाली. त्या साथीत मामू महिनाभर अंथरुणाला होते. हवालदारही तेव्हाच बदलला.”

“बदलला म्हणजे?”

“आधी मी वाटी वाजवली की यायचा, जास्वंदीचं फूल खायचा. साथीनंतर मला ओळखेना, जास्वंद तोंडात धरेना. मी म्हटलं, माणसं बदलली, कासवाचं काय घेऊन बसलात.”

तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

खर्रर्र. मग थांबून, पुन्हा खर्रर्र.

शमीमचा चेहरा पांढरा पडला. हा आवाज त्या घरातल्या प्रत्येकाच्या कानात मुरलेला होता. हवालदार फरशीवरून चालताना त्याच्या पोटाची कड दगडाला घासे, तो हा आवाज.

राजमहंमद कंदील घेऊन बाहेर पडला. धुक्यात कंदील स्वतःपुरताच जळत होता. ओट्यावर मामूंची घोंगडी दिसली. त्यांना हाक मारून घाबरवायला नको म्हणून तो तसाच पुढे गेला. चार पावले टाकताच आवाज थांबला. पेरूखालची माती जशीच्या तशी होती. मात्र भिंतीपाशी एका जागी फरशी ओली होती आणि तिच्यावर राखाडी, बारीक गाळ साचला होता. बोटाला तो खरखरीत लागला.

त्याने कंदील उचलून पाट्यांची ओळ मोजली. पुन्हा मोजली.

दगड अठराच होते.

४

बुधवारी सकाळी चिमाबाई विहिरीवर भेटली. रात्रभर तिचा डोळा लागला नसावा.

“म्या काय बी सांगनार न्हाई, दादा,” त्याने तोंड उघडण्यापूर्वीच ती म्हणाली.

“म्हणजे सांगण्यासारखं आहे.”

“आन घातलीया बाईनं. तिच्या देवाची न्हाई, आमच्या वाघोबाची. तिला ठावं, कुरानाची घातली तर म्या इसरंन. वाघोबा काय इसरू देत न्हाई.”

राजमहंमद वाघोबा मानत नव्हता. परंतु आण ही भाषेची गोष्ट आहे आणि भाषेत कलमे असतात, हे तो मानत होता.

“आण कशाची आहे? बोलण्याची, की मान हलवण्याचीही?”

चिमाबाईने बराच वेळ विचार केला. “बाई म्हनली, तोंडातनं शबुद काढशील तर. मुंडीचं काय बोलली न्हाई.”

“मग तू बोलूच नकोस. साथीच्या वर्षी हवालदार मेला?”

मान हलली.

“मामू तापात होते. अब्दुलचं कासव मेलं हे कळलं तर ते उठणार नाहीत, असं मुमानीला वाटलं?”

मान हलली, आणि डोळ्यांत पाणी आले.

“दुसरं कासव आणलंत. वैदूकडून?”

चिमाबाईने एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तिनेच आणले होते.

“किती दिवसांनी?”

तिने आठ बोटे दाखवली.

“इतके दिवस मेलेलं ठेवता आलं नसेल. पुरलं असणार.” मान हलली. “मग मुमानीनं नव्यावर अक्षर कोरलं ते काय पाहून? तिला अक्षरओळख नाही.”

हा प्रश्न मानेने सुटणारा नव्हता. चिमाबाईने इकडेतिकडे पाहिले, घागर खाली ठेवली, आणि रिकाम्या हवेत दोन्ही हातांनी काहीतरी मळू लागली. मळले, त्याचा गोळा केला, गोळा चापट करून तळहाताने कशावर तरी घट्ट दाबला; मग अलगद सोडवून वर धरला आणि त्यावर फुंकर घातली.

राजमहंमद पाहत राहिला.

“कणीक,” तो हळूच म्हणाला.

भाकरी-चपातीत हयात गेलेल्या बाईला ठसा घ्यायला कणकेखेरीज दुसरे काय सुचणार? खाचेत कोरलेले अक्षर कणकेवर उमटून वर आले. पण ठसाच तो, उलटा उमटला. वाळलेल्या गोळ्याकडे पाहून तिने रेघेला रेघ जुळवून कोरले. वाचता येणाऱ्याला हात लावताक्षणी दचकायला झाले असते. तिला ते अक्षर नव्हतेच. तिला ती मुलाच्या हाताची नक्षी होती.

आणि म्हणूनच तीन वर्षे ते पोट कोणाला दिसू द्यायचे नव्हते. ज्याला दिसत नव्हते, त्या एकट्याला सोडून.

राजमहंमदने खिशातली कागदाची पुडी काढली. “मावशी, ही तुझी मिश्री नव्हे ना?”

चिमाबाईने कण निरखले आणि नापसंतीने नाक वाकडे केले. “मिसरी काळी असती,” ती म्हणाली. याची आण नव्हती.

५

बुधवारी मगरिबच्या, सांजेच्या नमाजाच्या सुमाराला आवाज पुन्हा सुरू झाला. मुमानी चटईवरून उठून भिंतीला टेकली. “त्याला जागा मिळंना,” ती पुटपुटली. “त्यो वर येतोय.”

राजमहंमदने दिवसभर एका गोष्टीवर विचार केला होता. काल कंदील दारातून बाहेर आला तेव्हा आवाज थांबला नव्हता. पावले वाजली तेव्हा थांबला. जे काही तिथे होते, त्याला उजेड दिसत नव्हता. पण कान तिखट होते.

त्याने जोडे काढले, कंदील घरातच ठेवला आणि अनवाणी बाहेर पडला.

ओट्यावरून जाताना त्याने घोंगडीवर हात ठेवला. घोंगडीत कोणी नव्हते.

भिंतीला डावा हात लावून तो आवाजाच्या दिशेने सरकत गेला. अंगणाच्या टोकाला मामूंचे दगडकामाचे जुने खोपटे होते. आवाज तिथून येत होता, आणि जवळ आल्यावर तो कासवाचा राहिला नाही. दगडावर ओला दगड घासल्याचा झाला. धुक्यात एक पाठ वाकत होती आणि सरळ होत होती.

“मामू,” तो म्हणाला.

पाठ थांबली.

“छिन्नीवर हातोडा घातला असता तर सगळ्या घराला कळलं असतं, म्हणून घासून गुळगुळीत करताय. एकोणिसावा पाटा तुमच्याकडे आहे.”

“मोजायची खोड गेली न्हाई तुझी,” मामू म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. “बस.”

तो ओल्या फरशीवर बसला. जे सांगायचे ते त्याने त्याच्या नेहमीच्या पद्धतीने, क्रमाने सांगितले. “पोटावरचा चिखल फक्त अक्षरापुरता पुसलेला होता. डोळ्यांनी पाहणारा सगळं पोट पुसतो आणि उजेडात आणतो. तिथे अंधारात, धुक्यात, नेमक्या जागी बोट गेलं आहे. खाचेत तपकिरीचे कण आहेत, आणि ते चिखलाच्या वर आहेत, म्हणजे ताजे. पहाटे तो तुम्हालाच प्रथम सापडला. तुम्हीच त्याला उताणा केलात.”

“फिरतानाचा आवाज आला न्हाई, म्हनून शोधला. गार लागला.” मामू थांबले. “एकदा शेवटचं बोट फिरवावं म्हटलं. तेवढ्यात उम्मेहानीची चाहूल लागली. तसाच ठेवला न् निघून आलो.”

“अक्षर उलटं आहे, मामू.”

“व्हय.”

“केव्हापासून ठाऊक आहे?”

“पैल्या दिवसापासनं. तापातनं उठलो, तिनं मांडीवर आणून ठेवला. बोट फिरवलं न् कळलं. अरे, सगळा जन्म हातानं दगड वाचले मी. दांडी कुठल्या अंगाला हाय, एवढं कळणार न्हाई?”

“मग बोलला नाहीत?”

“तिचा श्वास ऐकू येत होता मला. धरून ठेवला होता तिनं. मी म्हटलं, हवालदार, जाडा झालास की रे! तेव्हा सोडला.”

घाटाखालून एक लांब शिट्टी आली आणि विरली.

राजमहंमदने पुढचा प्रश्न मऊ करण्याचा प्रयत्न केला नाही. “काल भाभीवर आळ आला तेव्हा तरी बोलायचं होतं.”

“बोललो असतो तर उम्मेहानीनं विचारलं असतं, बोट फिरवलं का. मी न्हाई म्हटलं असतं. आणि मला ठाऊक हाय, हे तिला कळलं असतं. तिला अक्षर वाचता येत न्हाई, राजू. माझं तोंड वाचता येतं.”

“आणि त्याआधीची तीन वर्षं? शमीमला तुम्ही कासवाच्या नावानं अडवून ठेवलीत. ते कासव अब्दुलचं नाही हे ठाऊक असताना.”

मामूंचा तळहात दगडावर गोल गोल फिरत राहिला.

“अक्षर खोटं होतं,” शेवटी ते म्हणाले. “पण कासव चालत तर होतं. मी ‘हो’ म्हटलं की पोरगी जाणार, आणि ती गेली की अब्दुल गेला. मला ते म्हणायला जीभ उचलेना. कासवाच्या मागं दडलो. उम्मेहानीनं माझ्यासाठी खोटं केलं, मी माझ्यासाठी. दोन्ही एका तागडीत नको घालू.”

“घातलं नाही,” राजमहंमद म्हणाला. “शुक्रवारी काय सांगणार?”

“तू काय सांगणारेस?”

वस्तुस्थिती जशी असेल तशी सांगायची, ही राजमहंमदची रीत. पण वस्तुस्थिती दोन होत्या, आणि त्यांतली एक बॅगेत रुमालात बांधलेली होती.

“मला विचारलं जाईल तेवढंच,” तो म्हणाला.

६

शुक्रवारी दुपारी धुके पहिल्यांदाच उंबऱ्यापर्यंत मागे सरले. शमीमचा भाऊ नमाज आटोपून आला आणि पडवीत अवघडून बसला. मुमानीने पदर सावरला, आणि ती बोलणार तोच मामू ओट्यावरून उठून आत आले.

“हवालदाराला मी उताणा केला.”

मुमानीचे तोंड उघडे राहिले. “तुमी?”

“मेल्यावर. निरोप घ्यायला. धीर झाला न्हाई सांगायचा. शमीमनं हात लावला न्हाई.”

मुमानी एक पाऊल पुढे आली. तिने विचारले तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मग... बोट फिरवलं तुमी? पोटावर?”

मामूंनी आपले पांढरे डोळे नेमके तिच्या आवाजाच्या दिशेला वळवले. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. दोन रात्री त्यांनी केवळ दगडच घासला नसावा.

“फिरवलं की. जसंच्या तसं होतं. अब्दुलच्याच हातचं.”

मुमानीने भिंतीला हात टेकला. मग ती शमीमपाशी गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू लागली. “रडताय कशाला?” शमीम म्हणाली. “कासवमारी म्हणालात, आता भात तरी वाढा माझ्या भावाला.” पण तीही रडत होती.

मामू शमीमच्या भावाकडे वळले. “तळेगावच्या मास्तरांना आमचा सलाम सांगा. म्हणावं, नूरमहंमदचा मुलगा परदेशात वारला. कुठं, कधी, ठाऊक न्हाई. पोरगी मोकळी आहे. मी तिला अडवली, याची माफी तिच्याकडं मी मागून घेईन.”

ते वाक्य घरात कोणी कधी उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर काही कोसळले नाही. चुलीवरचे आधण उकळत राहिले.

मग ते सगळ्यांना अंगणात घेऊन गेले. पेरूखाली, ओल्या मातीत, एकोणिसावा पाटा उभा होता. एक बाजू आरशासारखी घासलेली, आणि तिच्यावर एकच अक्षर कोरलेले होते. अब्दुलला कबर नव्हती. त्याच्या कासवाला होती, आणि अब्दुलच्या नावाचे नि कासवाच्या पोटावरचे अक्षर एकच होते.

“तितं कोण हाय, कासव का अब्दुल?” चिमाबाईने कुजबुजून विचारले.

मुमानी दगडापुढे बसली. तिने बोट टेकले आणि अक्षरावरून सावकाश फिरवले: आधी वळसे, मग दांडी. मध्येच ती थबकली. पुन्हा सुरुवातीपासून फिरवले. ज्या हाताने वाळलेल्या कणकेवरून रेघेला रेघ जुळवली होती, तो हात गोंधळात पडला होता.

“अवो,” ती म्हणाली, “ह्यो उलटा झालाय की.”

शमीमने अक्षराकडे पाहिले, मुमानीकडे पाहिले, आणि तिच्या कपाळावर एक आठी पडली. कणाकणाने तिला काहीतरी उमगत गेले. तिने ओठ घट्ट मिटले.

राजमहंमदने आजवर चुकीच्या आकृतीपुढे कधी मौन पाळले नव्हते. विद्यार्थ्यांची एक रेघ इकडची तिकडे झाली तरी तो पान परत करत असे. त्याने दगडावरचा सुलटा, निर्दोष ‘अ’ एकदा नीट पाहून घेतला.

“मुमानी म्हणते ते बरोबर आहे, मामू,” तो म्हणाला.

मामूंनी तपकिरीची डबी चाचपली, आणि ती न उघडताच परत ठेवली.

“झाला असंल,” ते म्हणाले. “डोळे कुठं आहेत मला?”